'मवाळ' कोणाला म्हणावं आणि 'पक्षपाती' कोणाला म्हणू नये

प्रश्न असा आहे: "अमेरिकी काँग्रेसच्या निवडणुकांवरचा एक लेख मराठीत आणतोय. दोन्ही पक्षांतले 'मॉडरेट' उमेदवार कमी होत चालल्याची त्यात चर्चा आहे. मी 'मॉडरेट'साठी मवाळ आणि 'पार्टिझन'साठी पक्षपाती असे शब्द वापरले. ताईने मसुदा वाचला आणि दोन्हींवर काट मारली. कोण बरोबर? आणि 'प्रायमरी'ला प्राथमिक निवडणूक म्हणू का?"

पक्षपातीबद्दल ताईंचं म्हणणं मला सोळा आणे पटतं. मवाळबद्दल आठ आणे.

आधी सोपं उरकू. 'पक्षपात' या शब्दात पक्ष आहे खरा, पण तो राजकीय पक्ष नव्हे. पक्ष म्हणजे बाजू. वादातला पूर्वपक्ष, महिन्याचा शुक्लपक्ष, लग्नातला वरपक्ष, सगळे त्याच घरातले. ज्याने मधोमध राहायचं तो एका बाजूला कलला की पक्षपात होतो. म्हणून पंच पक्षपाती असतो, परीक्षक असतो, चार मुलांची आई असते. सभागृहाचा अध्यक्षही असू शकतो. पण पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्या माणसाने पक्षाच्या बाजूने हात वर केला तर त्यात पात कुठला? तो त्या बाजूलाच उभा होता.

मराठीत या अर्थाचा बिनआरोपाचा शब्द रुळला नाही, याचं कारण आपल्या विधिमंडळांत सापडतं असं मला वाटतं. १९८५च्या ५२व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट आलं. तेव्हापासून पक्षादेश मोडून मत दिलं तर सदस्यत्वच जाऊ शकतं. पक्षादेश बजावणाऱ्याला आपण 'प्रतोद' म्हणतो, आणि प्रतोद म्हणजे जनावर हाकायचा चाबूक. (इंग्रजांच्या 'व्हिप' या शब्दाचा इतका शब्दशः आणि तरीही इतका झोकदार संस्कृत अवतार क्वचितच सापडेल.) २०२२च्या शिवसेनेतल्या फुटीनंतर तर खरा प्रतोद कोणाचा यावर चहाच्या टपरीवरही वाद झडले. जिथे बहुतेक मतदान असं हाकून होतं, तिथे कोण किती वेळा पक्षाबरोबर गेला हे मोजण्यात काय हशील? अमेरिकेत तसा कायदा नाही. पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून तिथल्या सदस्याची खुर्ची जात नाही. त्यामुळे प्रत्येकाचं प्रत्येक मत मोजून त्याची पक्षनिष्ठा काढता येते आणि अभ्यासक ती काढतात. त्या अर्थी लिहायचं तर 'पक्षनिष्ठ' किंवा नुसतं 'पक्षीय' पुरे. लेखकाचा सूर टीकेचा असेल तर 'पक्षांध'. मतदारांबद्दल असेल तर 'पक्षाभिमानी' हा जुना शब्द उपयोगी पडतो, पण जपून. आजच्या अमेरिकी मतदाराला स्वतःच्या पक्षाचा अभिमान असेलच असं नाही, समोरच्याचा तिटकारा मात्र पक्का असतो. तुमच्या लेखाचा रोख तिकडे असेल तर सरळ 'पक्षद्वेष' लिहा.

आता मवाळ. मऊ या शब्दाचा हा भाऊ. राजकारणात तो जहालच्या जोडीने आला, आणि जहाल हे विषाचं, औषधाचं विशेषण. दोन्ही शब्द माणूस कुठे उभा आहे हे सांगत नाहीत, तो किती झोंबतो हे सांगतात. १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली तेव्हा भांडण स्वराज्य हवं की नको असं नव्हतं. ते कसं मिळवायचं, अर्जविनंत्यांनी की बहिष्काराने, हे होतं. म्हणजे मवाळ आणि जहाल हे रीतीचे शब्द. सामाजिक प्रश्नांवर तर फळ्या उलट्या लागत. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याला विरोध करणारे टिळक राजकारणात जहाल. गोखले मवाळांचे मुकुटमणी, पण १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडणारे तेच, आणि त्या काळी ही मागणी अनेकांना भलतीच पुढची वाटली. मवाळ म्हणजे मधला, हे समीकरण आपल्याच इतिहासात टिकत नाही.

या जोडीवरची सर्वांत नेमकी टिप्पणी खुद्द टिळकांची आहे. जानेवारी १९०७ मध्ये, म्हणजे सुरतेच्या आधी जवळजवळ वर्षभर, कलकत्त्याच्या भाषणात त्यांनी सांगितलं की हे दोन्ही शब्द काळाशी बांधलेले आहेत. आजचे मवाळ काल जहाल होते, आजचे जहाल उद्या मवाळ ठरतील. ते खरं ठरायला वीस वर्षंही लागली नाहीत. त्यांचेच सहकारी न. चिं. केळकर १९२६ पर्यंत प्रतिसहकाराच्या गोटात, कायदेमंडळात जाऊन अधिकारपदंही घ्यावीत म्हणणाऱ्यांत, पोचले होते.

मूळ मवाळांचं काय झालं, हे तुमच्या विषयाशी चांगलंच जुळतं. १९१८ साली ते काँग्रेसमधून बाहेर पडले आणि त्यांनी लिबरल फेडरेशन काढलं. १९२०च्या कायदेमंडळांच्या निवडणुकांवर काँग्रेसचा बहिष्कार होता, त्यामुळे त्यांना रान मोकळं मिळालं. मुंबई इलाख्यात रँग्लर परांजपे शिक्षणमंत्री झाले. १९२३ साली स्वराज्य पक्ष मैदानात उतरला आणि ठिकठिकाणी लिबरलांचा धुव्वा उडाला. बंगालमध्ये सुरेंद्रनाथ बॅनर्जी, राष्ट्रसभेचे दोनदा अध्यक्ष झालेले, डॉ. बिधानचंद्र रॉय या निवडणुकीत नवख्या उमेदवाराकडून हरले. या लिबरलांना मराठीत 'प्रागतिक' म्हणत. तेव्हा जुन्या कोशाच्या भरवशावर अमेरिकी 'मॉडरेट'ला प्रागतिक म्हणायला जाऊ नका. आज तो शब्द ऐकून वाचकाच्या डोळ्यांसमोर डेमोक्रॅटिक पक्षाची डावी बाजू येईल.

आता अमेरिकेतली तीन माणसं घेऊ. तिघांनाही बातम्यांत 'मॉडरेट' म्हटलं गेलं आहे.

इंडियानाचे सिनेटर रिचर्ड लूगर. १९७७ पासून सिनेटमध्ये, बोलणं सौम्य, विरोधी पक्षाच्या सॅम नन यांच्याबरोबर मिळून सोव्हिएत अण्वस्त्रं मोडीत काढायची योजना आखणारे. पण मतं पाहिली तर बऱ्यापैकी सनातनी रिपब्लिकन. ओबामांनी सुचवलेल्या दोन न्यायमूर्तींना त्यांनी संमती दिली, त्याचं मोल २०१२ मध्ये मोजावं लागलं. पक्षाच्याच मतदारांनी त्यांना पाडून रिचर्ड मरडॉक यांना उमेदवारी दिली, आणि नोव्हेंबरात ती जागा डेमोक्रॅटांकडे गेली.

वेस्ट व्हर्जिनियाचे जो मँचिन. डेमोक्रॅट, पण मतं दोन पक्षांच्या बरोबर मधली. स्वभाव मवाळ? छे. सिनेट ५०-५० अशी दुभंगलेली असताना डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी बायडन यांच्या सर्वांत मोठ्या विधेयकाला टीव्हीवरून नकार दिला आणि ते अडवून धरलं. २०२४ मध्ये त्यांनी पक्ष सोडला आणि निवडणूकही लढवली नाही.

तिसऱ्या वायोमिंगच्या लिझ चेनी. मधल्या तर नाहीतच. ट्रम्प अध्यक्ष असताना ९० टक्क्यांहून अधिक वेळा त्यांच्या बाजूने मत दिलेल्या. आणि मवाळ म्हणावं असं तर त्यांच्या एका वाक्यातही काही नसतं. २०२१ मध्ये त्याच ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाच्या बाजूने मत दिल्यावर पक्षातलं पद गेलं, आणि २०२२ मध्ये पक्षाची उमेदवारीही.

एक मवाळ आहे पण मधला नाही, दुसरा मधला आहे पण मवाळ नाही, तिसरी दोन्ही नाही. तिघांनाही मराठीत मवाळ म्हटलं की लेखाचा कणाच मोडतो. मग नक्की कमी काय होतंय?

मधली माणसं कमी झाली हे तर उघड आहे. १९६४च्या नागरी हक्क विधेयकावर प्रतिनिधिगृहात पहिल्यांदा मतदान झालं तेव्हा डेमोक्रॅटांची १५२ मतं बाजूने आणि ९६ विरुद्ध पडली. रिपब्लिकनांची १३८ बाजूने, ३४ विरुद्ध. दोन्ही पक्ष आतून फाटलेले. दक्षिणेतले वंशभेदवादी डेमोक्रॅट आणि ईशान्येतले उदार रिपब्लिकन अशी सरमिसळ होती, आणि तिच्यात मधे उभं राहायला भरपूर जागा होती. गंमत म्हणजे १९५०च्या अहवालात अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या समितीची तक्रार उलटी होती: दोन पक्षांत पुरेसा फरक नाही, मतदाराने निवडायचं काय? त्यांची इच्छा पुरी झाली, जरा जास्तच. दक्षिण हळूहळू रिपब्लिकन झाली, ईशान्य डेमोक्रॅट. एका पक्षाला अध्यक्षपदाचं मत आणि दुसऱ्याला प्रतिनिधीचं, असा कौल देणारे मतदारसंघ १९८४ मध्ये दीडशेहून अधिक होते. २०२० मध्ये ४३५ पैकी १६.

पण माझ्या मते तुमच्या लेखाचा खरा विषय तिसरा आहे, लूगर आणि चेनी ज्यामुळे पडले तो. मतं कुठलीही असोत, एखाद्या प्रश्नावर पक्षाला 'नाही' म्हणणारा सदस्य. त्याला मराठीत फार चांगला शब्द आहे: स्वतंत्र बाण्याचा. विरोधक त्याला कुंपणावरचा म्हणतील, स्वपक्षीय घरभेदी म्हणतील. रिपब्लिकन पक्षात अशांसाठी 'नावापुरता रिपब्लिकन' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून 'रायनो' ही शिवी तयार झाली आहे, उच्चाराने गेंडाच. आपल्याकडे गेंड्याची कातडी पुढाऱ्यांना सरसकट बहाल केलेली असल्यामुळे हा विनोद मराठीत आणायच्या फंदात पडू नका, वाचक भलतीकडेच जाईल.

'प्रायमरी'चा तुमचा तिसरा प्रश्न इथे येतो. 'प्राथमिक निवडणूक' वाचून आपल्या वाचकाला ती लुटुपुटूची पहिली फेरी वाटते. प्रत्यक्षात अनेक मतदारसंघांत तीच खरी लढत असते, कारण नोव्हेंबरात कोणता पक्ष जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं. आपल्याकडे तिकीट दिल्ली वाटते किंवा 'मातोश्री' वाटते. तिथे ते मतदार वाटतात, आणि मतदानाला येणारे थोडे, त्यात कट्टर जास्त. म्हणून मी 'उमेदवारीची निवडणूक' लिहीन. लांब आहे, पण काय चाललंय ते कळतं.

ही निवडणूक कशी घेतात यावर बरंच ठरतं. ट्रम्प यांच्यावरच्या २०२१च्या महाभियोगाला मत देणाऱ्या दहा रिपब्लिकन प्रतिनिधींपैकी चौघांनी २०२२ मध्ये उभं राहायचंच टाळलं, चौघे उमेदवारीच्या निवडणुकीत पडले, दोघे तरले. तरलेले दोघे कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांतले, जिथे सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच यादीत असतात आणि पहिले दोन पुढे जातात. अर्थात ही काही जादूची कांडी नाही, वॉशिंग्टनमधलीच आणखी एक रिपब्लिकन प्रतिनिधी त्याच पद्धतीत हरली. बहुतेक राज्यांत असाही कायदा आहे की उमेदवारी हरलेल्याने पुन्हा अपक्ष म्हणून मतपत्रिकेवर यायचं नाही. त्याचं प्रचलित इंग्रजी नाव मुलांच्या खेळातलं आहे, आणि मराठीत त्याला 'रडीचा डाव' याहून चपखल प्रतिशब्द मला सुचत नाही. कनेटिकटमध्ये हा कायदा नव्हता, म्हणून २००६ मध्ये उमेदवारी गमावलेले जो लीबरमन अपक्ष लढले आणि निवडून आले. अलास्काच्या लिसा मर्कोवस्की यांनी २०१० मध्ये दुसरी वाट काढली. मतपत्रिकेवर नाव नाही, तर मतदारांनी ते हाताने लिहायचं. तेही तसलं स्पेलिंग! त्या जिंकल्या. असा सिनेटर १९५४ नंतर झालाच नव्हता.

तर तुमच्या लेखात जिथे मतांची जागा सांगायची आहे तिथे 'मध्यममार्गी', जिथे बोलण्यावागण्याचा सूर सांगायचा आहे तिथे 'मवाळ', आणि जिथे पक्षाला न जुमानणं सांगायचं आहे तिथे 'स्वतंत्र बाण्याचे'. मध्यममार्गीबद्दल एक कुरकुर मात्र नोंदवतो. महाराष्ट्रातल्या बौद्ध वाचकाला मध्यम मार्ग म्हणजे बुद्धाने सांगितलेला, दोन टोकं टाळून नीट पारखून चालायचा मार्ग. दोन पक्षांच्या मतांची सरासरी काढली की जो बिंदू येतो त्याला हे नाव जरा जडच होतं. मला विचाराल तर बऱ्याच ठिकाणी 'मधले' एवढंच चालेल. 'तटस्थ' नको, तो काठावर उभा राहून पाहणारा. मँचिन यांच्यासारखा माणूस प्रवाहाच्या मधोमध पाय रोवून उभा असतो. 'ध्रुवीकरण'ही जपून वापरा. आपल्याकडे तो शब्द धर्माच्या नावाने मतं गोळा होण्याला चिकटला आहे, अमेरिकेपुरतं 'दोन पक्षांतलं वाढतं अंतर' असं फोड करून लिहिलेलं बरं.

आणि ताईंनी 'मवाळ' सरसकट खोडलं असेल तर मथळ्यातलं तेवढं खोडलेलंच राहू द्या. 'काँग्रेसमधील मवाळांचा ऱ्हास' असं छापलंत तर निम्मे वाचक लेख सुरतेचा समजून उघडतील. मथळ्यात 'अमेरिकी संसद' म्हणा आणि काँग्रेस हे तिचं नाव आत पहिल्या वाक्यात एकदा सांगून टाका.