साडेसोळा लाखांचा ‘फुकट’ मुक्काम

प्रश्न: नाशिकला खासगी कंपनीत नोकरी, वय 41. पगार हातात 85 हजार, घरखर्च 60 हजार. पत्नी आणि दोन मुलांना घेऊन फेब्रुवारीत मॉरिशसला जायचं आहे. दहा महिन्यांपूर्वी हॉलिडे क्लबचं 25 वर्षांचं सदस्यत्व घेतलं, त्यामुळे सहा रात्रींचा मुक्काम फुकट आहे. 1 लाख भरले, बाकी 9,500 चे 48 हप्ते, दहा झाले. मेंटेनन्स वर्षाला 20 हजार. चार तिकिटांना 1 लाख 80 हजार लागतील. 3 लाखांची एकुलती एक एफडी मोडू की पर्सनल लोन घेऊ? सदस्यत्व पुढे विकलं तर फ्लॅटसारखी वाढीव किंमत मिळेल, असंही सांगितलं आहे.

उत्तर: दोन्ही नको. ती एफडी म्हणजे तुमच्या घरातला पाच महिन्यांचा किराणा, फी आणि औषधं आहेत. उद्या नोकरी गेली तर हातात तेवढंच आहे. आणि सहलीसाठी कर्ज काढलं की पुढची दोन-तीन वर्षं घर त्याच्या हप्त्यांत अडकतं.

तुम्ही न विचारलेला प्रश्न मला जास्त काळजीचा वाटतो. मुक्काम फुकट नाही. 1 लाख अधिक 48 हप्ते म्हणजे साडेपाच लाख. मेंटेनन्स दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढला, तर 25 वर्षांत त्याचेच 11 लाख. एकूण साडेसोळा. वर्षाला सहा, म्हणजे 150 रात्री. एका रात्रीला 11 हजार, तेही एकही वर्ष वाया गेलं नाही तर, आणि जेवण वेगळं. मॉरिशसच्या किनाऱ्यावर फ्लिक-आं-फ्लाक किंवा ग्रां-बेला स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट स्वतः घेतलंत, तर सहा रात्री 50-60 हजारांत व्हाव्यात. शिवाय परदेशातला मुक्काम अशा क्लबांत बहुधा दुसऱ्या रिसॉर्टांशी अदलाबदलीतून मिळतो: शुल्क भरा, विनंती करा, ‘उपलब्धतेनुसार’ खोली. खोलीचं लेखी कन्फर्मेशन हातात नसताना तिकिटं काढू नका.

फ्लॅटसारखी किंमत? हा फ्लॅट नाही. तुमच्या नावावर जमिनीचा तुकडाही नाही; आहे तो खोली मागण्याचा हक्क, आणि त्याच्यामागे मेंटेनन्स. असं सदस्यत्व विकत घ्यायला कोण येणार? ही सदस्यत्वं विकायला नवरा-बायकोला लकी ड्रॉच्या नावाखाली हॉटेलात बोलवायचं, तीन तास बसवायचं आणि ‘ऑफर आजच’ म्हणत सही घ्यायची, ही पद्धत मला अत्यंत संतापजनक वाटते. त्यात भोळी नव्हे, चांगली शिकलेली माणसं फसतात.

आजवर तुमचे जवळपास दोन लाख गेले. ते परत येतीलच असं नाही. पण ते वसूल करायला पुढचे साडेचौदा लाख घालणं हा दुसरा तोटा आहे. करार काढा. रद्द करण्याचं आणि मेंटेनन्स थकल्यावर काय होतं त्याचं, ही दोन कलमं आधी वाचा. तोंडी आश्वासनं काय दिली होती ते तारखांसकट लिहून सदस्यत्व रद्द करण्याची मागणी ईमेलने करा. दाद लागली नाही तर 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. तुमचे दहा महिने गेलेत. मोबदला, म्हणजे तुम्ही भरलेली रक्कम, पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही. हप्ते मात्र परस्पर थांबवू नका. ते फायनान्स कंपनीकडून असतील तर सिबिल तुमचं बिघडेल, क्लबचं नाही.

आता मॉरिशस. फेब्रुवारी टाळा. तिथे जानेवारी ते मार्च हा चक्रीवादळांचा जोर. जानेवारी 2024 मध्ये ‘बेलाल’ वादळाने राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या तरंगवल्या होत्या. दिवाळीची सुट्टी उत्तम: पाऊस कमी, पाणी उबदार होऊ लागलेलं. मुंबईहून थेट विमानाला साधारण सहा तास लागतात आणि भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. तिकिटं, मुक्काम, जेवण, गाडी, बोटीच्या सहली धरून साडेतीन लाख बाजूला ठेवा. आज हप्ता आणि मेंटेनन्स वजा जाता महिन्याला 14 हजार उरतात, म्हणजे दोन वर्षांहून जास्त. क्लबमधून सुटलात आणि हप्तेही थांबले, तर 25 हजार उरतील आणि चौदा महिन्यांत रक्कम उभी राहील. तोवर ती वेगळ्या आरडीत टाका, म्युच्युअल फंडात नको. ईमेल या आठवड्यातच पाठवा.