आजोबांची रिळं प्रोजेक्टरवर चढवण्याआधी

गड्या, डबा उघडला की आधी वास घे. व्हिनेगरसारखा आंबूस आला तर फिल्म आक्रसायला लागली समज. जुन्या प्रोजेक्टरवर चढवलीस तर तिच्या कडेची भोकं फाटतील. (आमची रिळं यवतमाळकडच्या घरी टिनाखालच्या माळ्यावर होती. वैशाखाचं ऊन त्यांनीही भोगलं.) मग भोकं बघ. मोठी, दोन चौकटींच्या (चौकट म्हणजे फिल्मवरचं एकेक चित्र) मधे असली तर साधी ८ मिमी. बारीक, चौकटीच्या मध्यावर असली तर १९६५ साली आलेली सुपर ८. फिल्मचा व्हिडिओ करायचा तर ती भिंतीवर पाडून मोबाइलनं शूट करू नकोस, चित्र लुकलुकतं. एकेक चौकट टिपणारा स्कॅनर ज्याच्याकडे आहे तो माणूस शोध. वेगही विचार: साधी ८ बहुधा सेकंदाला १६ चौकटींची, सुपर ८ १८ ची. २५ नं चालवली की आजोबा बैलजोडीसकट पळत सुटतात! काम झाल्यावर मूळ रिळं फेकू नकोस, फक्त माळ्यावरून खाली आण.