वृद्धाश्रमासाठी पैसे मागायचे कसे?

प्रश्न: आमच्या धर्मग्रामातला (म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतला) सिस्टरांचा वृद्धाश्रम पार जुना झालाय, भिंतींना ओल, जिना अरुंद, बाथरूममध्ये व्हीलचेअर शिरतच नाही. पाडून नवीन बांधायचं ठरलंय आणि निधी कमिटीत मला घेतलंय. पण पैसे मागायला जीभच रेटत नाही हो. वर काहीजण तोंडावर म्हणतात, चर्चला काय कमी आहे? सुरुवात कुठून करू?
– कमिटीतली नवखी

उत्तर: ताई, लाज वाटतेय ना, मग झान झ्युगां यांच्याबद्दल वाचाच. फ्रान्समध्ये १८३९ च्या हिवाळ्यात या बाईंनी एका आंधळ्या, अर्धांग झालेल्या म्हातारीला घरी आणून स्वतःचा बिछाना दिला, त्यातूनच पुढे 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' हा संघ उभा राहिला. आश्रयाला आलेल्या काही म्हाताऱ्या आधी भीक मागून जगायच्या, तर त्यांच्या ऐवजी या स्वतः टोपली घेऊन दारोदार फिरल्या. २००९ मध्ये त्यांना संतपद मिळालं. तुम्हाला तर निदान कमिटीची पावती दाखवता येईल!

पण आधी कागद. कॅनन लॉच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या, १२६५ व्या नियमाप्रमाणे खासगी व्यक्तींनी चर्चच्या कामासाठी पैसे गोळा करायचे तर लेखी परवानगी लागते, फादर तोंडी 'करा' म्हणाले एवढ्यावर निघू नका. दुसरा नियम १२६७, ज्या कामासाठी दान दिलं त्याच कामाला ते वापरायचं. हा नियम तुमच्या बाजूचा आहे आणि उद्या तुमच्याच पायात येऊ शकतो, कारण 'बांधकामासाठी' एवढंच छापलंत तर इमारत उभी राहील पण खाटा घ्यायला किंवा काम चालू असताना आजीआजोबांना दुसरीकडे ठेवायला त्यातला पैसा काढता येणार नाही. म्हणून आवाहनातच लिहा की इमारत, सामान, तात्पुरती सोय तिन्हीसाठी मागतोय, आणि पैसे उरले किंवा कामच रखडलं तर काय करणार तेही. हे शेवटचं बहुतेक कमिट्या लिहीतच नाहीत आणि मग भांडणं होतात.

'चर्चला काय कमी' म्हणणाऱ्यांशी वाद घालू नका. लोकांना सगळं एकाच खिशातलं वाटतं, पण सिस्टरांच्या संघाची मालमत्ता वेगळी आणि धर्मग्रामाची वेगळी असते. खर्चाचा अंदाज, जमलेली रक्कम आणि बिलं दर महिन्याला नोटीस बोर्डवर लावा. दिलेल्या दानाचा हिशोब भाविकांना द्यायचा हे तर १२८७ व्या नियमातच आहे, तुम्ही काही उपकार करत नाही.

आता प्रत्यक्ष मागणं. पहिल्याच रविवारी मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) घोषणा करू नका, लोक थैलीत एक नोट टाकतात आणि मोकळे होतात. आधी ज्यांची ऐपत आहे त्यांच्या घरी शांतपणे जाऊन या, म्हणजे घोषणेच्या दिवशी सांगण्यासारखा आकडा हातात असेल. जाताना नकाशा न्या आणि बाथरूमचं दार दाखवा. दार आत उघडणारं असेल आणि आजोबा आतच पडले तर त्यांचं अंग दाराला अडतं, बाहेरून ढकलताही येत नाही. नवीन दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं असेल. रॅम्पचंही तसंच, एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी, जागा आणि खर्च तिथेच वाढतो. नुसतं 'सुसज्ज इमारत' म्हटलं की ऐकणारा जांभई देतो. महिन्याला थोडंथोडं द्यायचं कबूल करणारे भेटतील, त्यांची वही वेगळी ठेवा आणि जमा रकमेत धरू नका, कॉन्ट्रॅक्टर शब्दावर सिमेंट आणत नाही.

प्रश्न: मोठी रक्कम देणारे एक गृहस्थ चॅपलवर नावाची पाटी मागतायत, आणि आईसाठी एक खोली कायमची राखीव. नाही म्हटलं तर पैसे जातील. काय करावं?

उत्तर: पाटी द्या, सगळ्यांना एकाच मापाची, सिस्टरांना विचारून. खोली अजिबात नको. बदल्यात खोली ठरली की ते दान राहत नाही, आगाऊ भाडं होतं, करसवलतीच्या पावतीचाही घोळ होईल आणि वेटिंग लिस्टवरच्या गरीब आजीला काय सांगणार? प्रवेश गरज बघूनच, असा ठराव आजच मिनिट्समध्ये घालून ठेवा, कारण पुढचा विचारणारा कमिटीतल्याच कुणाचा तरी मामा निघणार.