वाचकांचे प्रश्न : भर समुद्रात जळालेलं ‘कॉस्पॅट्रिक’

मागच्या अंकातल्या ‘कॉस्पॅट्रिक’वरच्या चौकटीला बरीच पत्रं आली. चौकट वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 11 सप्टेंबर 1874 रोजी हे शिडाचं जहाज लंडनजवळच्या ग्रेव्हजेंडहून न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला निघालं. त्यावर बहुतेक सगळी तिकडे वसायला चाललेली कुटुंबं होती. 17 नोव्हेंबरला रात्री पाऊणच्या सुमारास, केप ऑफ गुड होपच्या नैर्ऋत्येला, जहाजाला आग लागली. चारशे सत्तरच्या आसपास माणसं गेली, तीनच वाचली.

हे जहाज मुंबईच्या गोदीतलं का? (एक वाचक, राजारामपुरी)

नाही. ते 1856 साली ब्रह्मदेशात, मौलमीनला सागवानात बांधलं. मालक लंडनचे डंकन डनबार. पुढे इराणच्या आखातात तारेची केबल टाकायला जी जहाजं गेली, त्यांत हे होतं. मुंबईच्या वाडियांच्या गोदीतलं ‘ट्वीड’ही त्याच कामावर होतं, त्यामुळे दोन्हींची गल्लत होते.

चहूबाजूंना पाणी असून आग विझली कशी नाही? सागवान तर सहजी पेट घेत नाही. (एक वाचक, शाहूपुरी)

सागवानाचा मोठा तुळया-फळ्यांचा भाग सहजी पेटत नाही, हे बरोबर. पण पेटलं ते आधी सागवान नव्हतंच. आग नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, सामानाच्या कोठारात लागली. तिथे दोर, डांबर, रंग आणि फळ्यांच्या फटींत ठासायचा जुन्या दोरांचा पिंजलेला भुसा होता. शिवाय जहाजाच्या पोटात जवसाचं तेल, टर्पेंटाइन, व्हार्निश आणि दारू. असा माल पेटला की बादल्यांनी भागत नाही. तेल पाण्यावर तरंगतं आणि जळतच पुढे सरकतं.

खरा घात वाऱ्याने केला. आग पुढच्या टोकाला आणि वारा पाठीमागून असेल, तर धूर आणि ज्वाळा जहाजाच्या पुढे समुद्रावर जातात. मागचा भाग शाबूत राहतो आणि काम करायला जागा मिळते. त्यासाठी जहाज वाऱ्याच्या पुढे धरून ठेवावं लागतं. त्या रात्री वारा अगदी मंद होता. जहाजाला वेग नसला की सुकाणू चावत नाही, म्हणजे ते फिरवूनही जहाज वळत नाही. नाळेवरची शिडं नाळेला वाऱ्यापासून बाजूला ढकलत ठेवतात. पुढे धुरामुळे माणूस उभाच राहू शकेना, म्हणजे ती सांभाळणार कोण? पुढची ओढ गेली की मागची शिडं पिछाडीला ढकलतात आणि नाळ फिरून वाऱ्यात येते. ‘कॉस्पॅट्रिक’ तशीच फिरली. धूर आणि जाळ थेट मागे, माणसांच्या अंगावर आला.

गुऱ्हाळावर ज्यांनी चुलवाणाला जाळ घातला आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. तोंडाला वारा लागला की तीच चिपाडं कशी भडकतात! इथे चुलवाणाच्या जागी डेकखालचा मजला होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. अशा वेळी डेकवरची दारं बंद करायची, ओली शिडं अंथरायची, आत हवा जाऊ द्यायची नाही, हा शहाणपणाचा मार्ग. पण खाली शेकडो माणसं झोपलेली असताना दारं बंद कशी करणार?

होड्या नव्हत्या का? (एक वाचक, गंगावेस)

होत्या, पण निम्म्या माणसांनाही पुरणार नाहीत इतक्याच. तेव्हाचा नियम होड्या जहाजाच्या टनांवर मोजायचा, डोक्यांवर नाही. (1912 मध्ये ‘टायटॅनिक’ बुडालं तेव्हाही हिशेब टनांवरच चालला होता.)

होड्या असणं वेगळं आणि त्या पाण्यात उतरणं वेगळं. आधी बांधलेले दोर सोडायचे, होडीच्या तळाचं बूच घट्ट बसवायचं, मग पुढचा आणि मागचा असे दोन्ही दोर एकाच गतीने सोडायचे. एक हात भरभर चालला की होडी एका टोकावर लटकते. त्यात माणसं आधीच उड्या मारून बसली, तर काय होणार? पिछाडीजवळची एक होडी अशीच गर्दीने उलटली. पुढच्या होड्या आगीने गाठल्या. दोनच होड्या सुटल्या, त्यांत अन्न नाही, पिण्याचं पाणी नाही. जहाज 19 तारखेला बुडालं. 21च्या वादळात होड्यांची ताटातूट झाली आणि एकीचा पुन्हा पत्ता लागला नाही. दुसरीला 27 तारखेला कलकत्त्याहून परतणाऱ्या ‘ब्रिटिश सेप्टर’ने उचललं. त्यात पाच जण जिवंत होते. दोघे लगेच गेले. उरले दुसरा अधिकारी हेन्री मॅकडोनाल्ड आणि थॉमस लुईस, एडवर्ड कॉटर हे दोन खलाशी. तहानेपायी त्यांनी मेलेल्या सोबत्यांचं रक्त प्यायलं होतं. तो तपशील वाढवून छापा म्हणून दोघा वाचकांनी लिहिलं आहे. आम्ही एवढ्यावरच थांबतो.

आग लावली कोणी? की आपोआप लागली? आमच्या शेडमध्ये जवसाच्या तेलाची फडकी पडलेली असतात. (एक वाचक, उद्यमनगर)

लंडनच्या चौकशीत असा निष्कर्ष निघाला, की कोणी तरी उघडा दिवा घेऊन माल चोरायला आत शिरलं असावं. डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार मात्र एकही नव्हता.

फडक्यांची तुमची भीती रास्त आहे. जवसाचं तेल सुकतं म्हणजे उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते. फडकं पसरलेलं असेल तर ती निघून जाते. बोळा करून कोपऱ्यात टाकलं, तर आत साठते आणि काही तासांत फडकं स्वतःच पेटू शकतं. खनिज वंगणाचं तेल असं वागत नाही, म्हणून लोक गाफील राहतात. काम झालं की जवसाच्या तेलाची फडकी बाहेर एकेरी, न दुमडता वाळत घाला. कडक झाली की टाकून द्या. ते जमत नसेल तर पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा. लाकडाच्या भुशात मिसळू देऊ नका.