खरबुजाच्या वेलाला फुले भरपूर येतात, पण फळ धरत नाही. एखादे धरले तरी पाणचट लागते. काय चुकते?

आधी फुलांचे बघू. मुख्य वेलावर सुरुवातीला येणारी फुले जवळजवळ सगळी नर असतात आणि ती गळणारच. फळ धरणारी फुले बहुतेक बगलफुटींवर, म्हणजे पानांच्या बगलेतून निघणाऱ्या फांद्यांवर येतात. म्हणून रोपाला चार-पाच खरी पाने आली की शेंडा खुडा आणि जोमदार दोन-तीन बगलफुटी राखा. फळाचे फूल ओळखायचे तर पाकळ्यांच्या मागे बघा: तिथे शेंगदाण्याएवढी, लव असलेली हिरवी गाठ दिसते. नर फुलामागे नुसता बारीक देठ असतो.

खरबुजाच्या फळ धरणाऱ्या फुलात पुंकेसरही असतात, पण पराग जड आणि चिकट असल्याने वाऱ्याने काम होत नाही, मधमाशी लागते. फूल उमलते एकच दिवस. मधमाश्या फिरकत नसतील तर सकाळी दहाच्या आत ताजे नर फूल तोडा, पाकळ्या काढून टाका आणि पिवळा परागकोश फळाच्या फुलाच्या मध्यावर सगळीकडून हलकेच फिरवा. एकाच बाजूला पराग लागले तर फळ वाकडे होते. दोन-चार दिवसांत गाठ फुगू लागली तर जमले. पिवळी पडली तर पुढच्या फुलावर पुन्हा करा. पाने गर्द हिरवी आणि वेल नुसता धावत असेल तर युरिया किंवा ताजे शेणखत ताबडतोब थांबवा.

आता गोडी. खरबूज तोडल्यावर मऊ होते, वास वाढतो, पण साखर वाढत नाही, कारण केळ्यासारखा स्टार्चचा साठा त्यात नसतो. जी साखर यायची ती वेलावर असतानाच, पानांकडून, आणि बरीचशी शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत येते. नेमक्या त्याच वेळी भुरी (पानांवर पांढरी पूड आणणारा बुरशीचा रोग) पाने खाते, आणि फळ मोठे दिसूनही फिके निघते. त्यामुळे ऊन येण्यासाठी म्हणून फळाजवळची निरोगी पाने कधीच तोडू नका. एका वेलावर दोन-तीनच फळे ठेवा, दिवसाला किमान सहा ते आठ तास ऊन मिळू द्या आणि पांढरे ठिपके दिसताच ती पाने काढा. भुरीवर गंधक सर्रास सुचवले जाते, पण कडक उन्हात खरबुजाची पाने त्याने करपतात, म्हणून मी ते टाळायला सांगेन.

पाणी फळ भरेपर्यंत नियमित द्या. सालीवर जाळी पूर्ण उमटली की हळूहळू कमी करा. दुपारी पाने मलूल होऊन संध्याकाळी सावरली तर ठीक. सकाळीच मलूल दिसली तर पाणी द्या. कोरड्या पडलेल्या मातीवर एकदम भरपूर पाणी सोडले की फळ तडकते.

परागीकरणापासून साधारण 35 ते 45 दिवसांनी देठाच्या बुडाशी रोज बघा. जाळीखालचा हिरवा रंग पिवळसर होतो, देठाभोवती बारीक गोल चीर पडते आणि अंगठ्याने हलके दाबताच फळ सुटून हातात येते. ओढावे लागले तर दोन दिवस थांबा. गुळगुळीत सालीच्या हनीड्यूसारख्या जातींत मात्र देठ असा सुटत नाही. तिथे दिवस मोजायचे, सालीचा रंग पाहायचा आणि देठ कापून फळ काढायचे.