‘निर्वासितांचे पुनर्वसन’ की ‘विस्थापितांचे परतणे’?

एका दिवाळी अंकासाठी अनुवाद करणाऱ्या ताईंनी विचारणा केली आहे. त्यांच्या मजकुरातले वाक्य असे : ‘डेटन करारानंतर मानवतावादी मदतीच्या बळावर बोस्नियातील दहा लाख निर्वासितांचे त्यांच्या मूळ घरी पुनर्वसन झाले.’ (डेटन करार म्हणजे बोस्नियातले युद्ध संपवणारा १९९५ चा करार.) संपादकांनी ‘निर्वासित’ खोडून ‘विस्थापित’ केले. मुद्रितशोधकांचे म्हणणे की दोन्ही चूक, ‘शरणार्थी’ हवे. ‘पुनर्वसन’ या शब्दाला मात्र कोणीच हात लावला नाही. ताईंचा प्रश्न तीन शब्दांपुरता आहे. माझ्या मते वाक्यातला सर्वांत अडचणीचा शब्द तो चौथाच, म्हणजे ‘पुनर्वसन’ आहे. परंतु क्रमाने जाऊ.

‘निर्वासित’ हा शब्द वस्, म्हणजे राहणे, या धातूपासून आला आहे. निर्वासन म्हणजे राहत्या जागेतून घालवून देणे. सीतेचे झाले ते निर्वासनच. त्यामुळे व्युत्पत्तीने पाहिले तर निर्वासित म्हणजे हाकलून दिलेला माणूस, आणि त्याने सीमा ओलांडली की नाही याविषयी शब्द काहीच सांगत नाही. हा अर्थ मराठीत फाळणीच्या वेळी बदलला. सिंधमधून आलेल्या लोकांसाठी कल्याणजवळच्या लष्करी छावण्या उघडल्या गेल्या, त्यांतून १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव धारण करणारे शहर उभे राहिले, आणि ‘निर्वासित’ म्हणजे परमुलुखातून जीव वाचवून आलेला, हा अर्थ पक्का झाला. (त्या शहरातल्या भागांना लोक अजूनही ‘कॅम्प’ म्हणतात आणि पुढे क्रमांक सांगतात.) पुढे १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारातील व्याख्येसाठी मराठीने हाच शब्द वापरला. त्या व्याख्येत आपल्या देशाबाहेर असणे ही अट आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांमुळे छळ होईल अशी साधार भीती, ही दुसरी अट. आज ‘निर्वासित’ लिहिले की जाणकार वाचक या अटी गृहीत धरतो. व्युत्पत्ती काहीही सांगो, रूढी तिच्यावर मात करते आणि लेखकाने रूढीलाच मान द्यावा.

सीमा न ओलांडता, देशातल्या देशात पळावे लागलेल्यांसाठी ‘विस्थापित’ किंवा नेमके हवे असल्यास ‘देशांतर्गत विस्थापित’. संयुक्त राष्ट्रांत १९९८ मध्ये त्यांच्यासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे मांडली गेली, ती एवढ्याचसाठी की हे लोक निर्वासितांच्या करारात बसत नव्हते. ‘विस्थापित’ या शब्दाची मला एक खोट जाणवते. तो फार थंड आहे. हलवणारा कोण, हे तो झाकतो. धरणाच्या पाण्याने हललेला आणि तोफांच्या माऱ्याने हललेला यांत फरक करत नाही. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘युद्धामुळे विस्थापित झालेले’ असे पूर्ण लिहावे, मग पुढे नुसते ‘विस्थापित’ पुरते. काही जण ‘पूरग्रस्त’, ‘भूकंपग्रस्त’ यांच्या धर्तीवर ‘युद्धग्रस्त’ लिहितात. तो शब्द चांगला आहे, पण युद्धग्रस्त माणूस आपल्याच घरात तळघरात बसलेलाही असू शकतो. साराजेव्हो या बोस्नियाच्या राजधानीच्या वेढ्यात अडकलेले लाखो नागरिक युद्धग्रस्त होते. त्यांतले पुष्कळ जण आपल्याच घरात राहिले.

‘शरणार्थी’ हिंदीत सर्वमान्य आहे. १९७१ मध्ये टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे, त्यावर ‘शरणार्थी सहायता’ असे छापलेले होते, आणि त्या पिढीतल्या मराठी माणसांना हा शब्द तिथून ओळखीचा झाला. तरी मराठीत ‘शरण येणे’ म्हणजे प्रथम हार पत्करणे. आश्रय मागणे हा अर्थ मागाहून आठवतो. आश्रयासाठी अर्ज केलेला, पण अजून मान्यता न मिळालेला, अशा माणसासाठी ‘आश्रयार्थी’ शब्द वापरला तर घोटाळा टळतो. फाळणीनंतर उत्तरेत आलेल्या पंजाबी लोकांपैकी अनेकांना ‘शरणार्थी’ हे विशेषण झोंबले आणि त्यांनी स्वतःला ‘पुरुषार्थी’ म्हणवून घेतले, ही गोष्ट मुद्रितशोधकांना अवश्य सांगावी.

आता बोस्नियाकडे. १९९२ ते १९९५ या युद्धात त्या देशाची निम्म्याच्या आसपास लोकसंख्या, म्हणजे सुमारे बावीस लाख माणसे, घराबाहेर पडली. त्यांतली काही जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वीडन अशा देशांत गेली, उरलेली देशातच एका भागातून दुसऱ्या भागात गेली. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाने सप्टेंबर २००४ मध्ये परतलेल्यांची संख्या दहा लाखांवर गेल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांत दोन्ही प्रकारचे लोक धरले होते आणि देशांतर्गत विस्थापितांचा वाटा निम्म्याहून अधिक होता. सारांश, ताईंच्या वाक्यात नुसते ‘निर्वासित’ अपुरे आहे आणि संपादकांचे नुसते ‘विस्थापित’ही काटेकोर नाही. ‘निर्वासित आणि विस्थापित’ अशी जोडी लिहावी. तेथील भाषेत या माणसांना तीन शब्द आहेत : इझ्ब्येग्लित्सा म्हणजे पळून आलेला, प्रोग्नानिक म्हणजे हाकललेला, आणि पोव्रात्निक म्हणजे परतलेला. तिसऱ्या शब्दाला मराठीत रूढ नाम नाही, आणि खरी पंचाईत इथेच सुरू होते.

नाम नाही म्हणून लेखक ‘पुनर्वसन’कडे वळतो. शब्दशः अर्थ ‘पुन्हा वसणे’, तेव्हा वरवर पाहता चूक दिसत नाही. परंतु महाराष्ट्रात हा शब्द कोणत्या वाटेने आला ते पाहावे. कोयनेचे धरणग्रस्त, १९७६ चा प्रकल्पग्रस्तांचा कायदा, १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर नव्या जागी वसवलेली गावे. या प्रत्येक ठिकाणी पुनर्वसन म्हणजे जुने गाव गेले आणि सरकारने दुसरीकडे भूखंड दिला. ‘आमचं पुनर्वसन झालं’ असे सांगणारा धरणग्रस्त ‘आम्ही घरी परतलो’ असे कधीही म्हणणार नाही. त्याचे घर पाण्याखाली आहे. निवडणूक हरलेल्या नेत्याचे महामंडळावर होते तेही ‘पुनर्वसन’च, म्हणजे मूळ जागा सोडून दुसरीकडे सोय. त्यामुळे ‘मूळ घरी पुनर्वसन’ हे मराठी कानाला वदतोव्याघात वाटते, आणि वाटलेच पाहिजे. शिवाय पुनर्वसन कोणीतरी ‘करतो’. परतणे माणूस स्वतः करतो. आंतरराष्ट्रीय व्यवहारात या फरकाला फार वजन आहे : परतणे स्वेच्छेने, सुरक्षितपणे आणि सन्मानाने व्हावे, आणि परतायचे नसेल त्याला अन्यत्र वसण्याचा हक्क असावा, असे १९९८ च्या तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे. दुसरा पर्याय निवडणाऱ्यांचे ते ‘पुनर्वसन’, पहिल्याचे नव्हे.

परतणे आणि पुनर्वसन यांतला फरक कोल्हापूरजवळच्या वळीवडे येथे एकाच जागी दिसला. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून सैबेरियात नेलेली कुटुंबे इराणमार्गे बाहेर पडली, आणि १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश माणसे, मुख्यतः स्त्रिया आणि मुले, वळीवड्याच्या छावणीत राहिली. युद्ध संपले तेव्हा त्यांचा मुलूख पोलंडमध्ये उरला नव्हता. सीमाच सरकली होती. काही जण नव्या पोलंडमध्ये गेले, पुष्कळ जण ब्रिटनमध्ये व अन्य देशांत. नव्या पोलंडला गेलेल्यांविषयीही ‘मायदेशी गेले’ असे म्हणता येते, ‘घरी परतले’ असे लिहिले तर ते खोटे ठरते. त्यांनी रिकाम्या केलेल्या बराकींत सिंधी कुटुंबे आली आणि त्यातून आजचे गांधीनगर झाले. त्या सिंधी कुटुंबांचे झाले ते मात्र शुद्ध मराठी अर्थाने पुनर्वसन.

परतण्यासाठी बातम्यांत दिसणारे इतर शब्दही तपासून घेतलेले बरे. ‘स्वगृही परतले’ हे व्याकरणाने निर्दोष आहे, पण मराठी वृत्तपत्रांनी ते पक्षांतर करून पुन्हा जुन्या पक्षात आलेल्या पुढाऱ्यांना बहाल केले आहे. ज्योतिषातले स्वगृहीचे ग्रह वेगळेच. ‘घरवापसी’ला धर्मांतराच्या वादाचा वास लागला आहे, आणि बोस्नियासारख्या, धर्मावरूनच माणसे हाकलल्या गेलेल्या देशाविषयी तो शब्द वापरणे म्हणजे नवा घोळ ओढवून घेणे. ‘प्रत्यावर्तन’ हिंदी बातमीपत्रांतून येते आणि वाचकाला कोशाकडे पाठवते. ‘परत पाठवणे’ मात्र ठेवणीतला शब्द समजून जपावा : यजमान देश निर्णय घेतो आणि माणसाच्या इच्छेचा प्रश्न उरत नाही, तेव्हाच तो वापरावा.

आपल्या जुन्या भाषेत या साऱ्या व्यवहाराची एक पूर्ण शब्दावली होती, याचा या चर्चेत विसर पडलेला दिसतो. फौजांच्या धामधुमीत रयत गाव सोडून पळे, तिला ‘परागंदा’ म्हणत; मूळ फारसी शब्दाचा अर्थ विखुरलेला. रिकामे पडलेले गाव ‘बेचिराग’, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असे. (याच शब्दाचे पुढे ‘बेचिराख’ झाले, कारण फारसी चिराग विसरला गेला आणि लोकांना त्यात आपली राख दिसली.) धामधूम थांबली म्हणून रयत आपोआप परतत नसे. सरकारातून ‘कौल’ द्यावा लागे : अभय आहे, जमीन तुमचीच राहील, सारा एकदम घेणार नाही. पडीक जमिनीवर पहिल्या वर्षी थोडा आणि मग दरवर्षी चढता सारा ठरे तो ‘इस्तावा’. बी-बियाणे आणि बैलांसाठी उचल मिळे ती ‘तगाई’. १६३० च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त केले, आणि जिजाबाई व बाल शिवाजी तेथे आल्यानंतर कसबा पुन्हा वसवला गेला, तो याच प्रकारच्या सवलतींच्या जोरावर.

हे शब्द बोस्नियाच्या लेखात जसेच्या तसे पेरावेत असे मी सुचवत नाही. ते नाटकी होईल. परंतु ‘परागंदा होणे’ हे क्रियापद आजही जिवंत आहे आणि पळण्याची धांदल त्यात आहे, तेव्हा ‘शेकडो गावे परागंदा झाली’ असे लिहायला हरकत नाही. आणि कौलाची कल्पना मनात असली की डेटन कराराचे सातवे परिशिष्ट कशाविषयी आहे हे चटकन उमगते : प्रत्येकाला मूळ घरी परतण्याचा हक्क, आणि १९९१ पासून हिरावलेली मालमत्ता परत मिळण्याचा किंवा ती देता येत नसेल तर भरपाईचा हक्क. कागदावरचा हा कौल अमलात यायला वर्षे गेली. कुलूप लावून गेलेल्याच्या सदनिकेत बहुतेक वेळा दुसरीकडून हाकललेले कुटुंब येऊन राहिलेले असे, आणि एकाला घर द्यायचे तर दुसऱ्याला आधी स्वतःच्या गावी जाता आले पाहिजे. ऑक्टोबर १९९९ मध्ये सर्व नगरपालिकांना एकच नियम लावणारी योजना आली, आणि दोन लाखांहून अधिक दाव्यांचा बहुतांश निकाल पुढच्या पाचेक वर्षांत लागला. यातही भाषेने सावध राहावे. मालमत्ता परत मिळाली म्हणजे माणूस परतला असे नव्हे. अनेकांनी घर ताब्यात घेतले, विकले आणि आपल्या समाजाच्या भागात किंवा परदेशातच राहिले. ‘घरे परत मिळाली’ आणि ‘लोक घरी परतले’ ही दोन वाक्ये वेगळी ठेवावीत.

परतलेल्यांसाठी नाम हवेच असेल तर संस्कृत ‘प्रत्यागत’ हाताशी आहे, पण मी तो घेणार नाही. ‘परतलेली कुटुंबे’, ‘परत आलेले गावकरी’ यांत काहीही उणे नाही, आणि मराठीला एक सोयही आहे : यजमान देशाच्या बाजूने सांगताना ‘परत गेले’, मूळ गावाच्या बाजूने सांगताना ‘परत आले’. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून आपल्याकडे सुमारे एक कोटी माणसे आली होती. डिसेंबरात युद्ध संपले, जानेवारीपासून त्यांना दोन आठवड्यांचा शिधा देऊन निरोप दिला जाऊ लागला आणि फेब्रुवारी १९७२ अखेर नव्वद लाखांहून अधिक ‘परत गेले’. हीच घटना ढाक्याच्या बाजूने लिहिताना ‘परत आले’ होईल. लेखात मध्येच बाजू बदलू नये, एवढे पथ्य पुरे.

ताईंचे वाक्य मी असे लिहीन : ‘डेटन करारानंतरच्या नऊ वर्षांत बोस्नियातील दहा लाख निर्वासित आणि विस्थापित आपापल्या घरी किंवा गावी परत आले; त्यांना बाहेरून मदत मिळत होती.’ ‘मदतीच्या बळावर’ मी काढले आहे, कारण मदतीने छप्पर मिळते, पण परतण्याचा निर्णय पोलीस, शाळा आणि शेजारी पाहून होतो.

राहिले ‘मानवतावादी’. ‘वादी’ हा प्रत्यय मत मानणाऱ्या माणसाला किंवा विचाराला लागतो. समाजवादी माणूस असतो, समाजवादी धोरण असते. गव्हाचे पोते मानवतावादी नसते. साराजेव्होला जुलै १९९२ ते जानेवारी १९९६ विमानांनी जे सुमारे १ लाख ६० हजार टन सामान पोहोचवले, त्याला ‘मदत’ म्हटले तरी अर्थ पुरा होतो. लष्करी मदतीपासून वेगळे दाखवायचे असेल तेव्हा ‘नागरिकांसाठीची मदत’ किंवा ‘मानवीय मदत’ म्हणावे. संस्थांच्या तत्त्वांचा उल्लेख असेल तर ‘तटस्थ’ आणि ‘निःपक्षपाती’ यांची अदलाबदल होऊ देऊ नये, कारण संयुक्त राष्ट्रांच्या १९९१ च्या ठरावात ती दोन स्वतंत्र तत्त्वे आहेत. लढणाऱ्यांपैकी कोणाचीच बाजू न घेणे ही तटस्थता. समोरचा कोणत्या बाजूचा हे न पाहता, ज्याची गरज मोठी त्याला आधी देणे, हा निःपक्षपातीपणा. अंकात दोन्हींसाठी ‘तटस्थ’ छापले गेले असेल तर मुद्रितशोधकांनी दुसऱ्या ठिकाणी दुरुस्ती करावी.