मुलगा सांगितल्याशिवाय वहीसुद्धा उघडत नाही. त्याला शाळेत आणि घरी स्वतःहून शिकायची सवय कशी लावावी?

तुमचा मुलगा आठ वर्षांचा आहे असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे चालणं, बोलणं, घरातल्या कुणाकडे कधी हट्ट करायचा हे सगळं तो कुणी तास न घेता शिकलेला आहे. स्वतःहून शिकणं त्याला ठाऊक आहे. मधल्या काळात मोठ्यांनी त्याला सूचनेची वाट बघायला लावलं. मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि हे रोज डोळ्यांसमोर होताना बघते, म्हणून जरा कडक लिहिते.

माझ्या तिसरीच्या वर्गात एका मुलीची जागा खिडकीजवळ होती. गजाची सावली फरशीवर पडायची. एक दिवस मधल्या सुट्टीची घंटा झाल्याबरोबर तिने त्या सावलीवर खडूने रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी काही विचारलं नाही. काही दिवसांनी तिच्या लक्षात आलं की सावली जुन्या रेघेवर पडतच नाही, बाजूला सरकलीय. पहिला संशय घंटेवर. शिपाईकाका उशिरा घंटा देतात का, हे ती घड्याळाशी ताडून बघायला लागली. घंटा वेळेवर होती. मग खिडकीवर संशय. गज हलवून पाहिला, तो भिंतीत पक्का. मी एवढंच सुचवलं की प्रत्येक रेघेशेजारी तारीख लिही. पुढचं तिचं तिने केलं. मातीच्या गोळ्यात पट्टी उभी रोवून ती मैदानाच्या कडेला ठेवली आणि तिथेही त्याच वेळेला खुणा करायला लागली. बाहेरची सावलीही सरकत होती, म्हणजे खिडकीचा दोष नव्हता. एवढ्याशा मुलीने एकेक कारण तपासून बाजूला काढलं, आणि त्याचे तिला कुणी गुण देणार नव्हतं.

मग आमचे एक ज्येष्ठ सर वर्गात आले. रेघा बघून म्हणाले, "अगं, पृथ्वीचा आस कललेला असतो, म्हणून होतं ते," आणि फरशी पुसून घ्यायला सांगितली. मुलीने विचारलं, "सर, कललेला आहे हे कशावरून कळलं?" सरांनी याला उद्धटपणा ठरवलं. शिक्षकांच्या बैठकीत विषय निघाला: बाई शिकवत नाहीत, मुलांना मोकळं सोडतात, म्हणून मुलं आगाऊ होतात; एका वाक्यात सांगण्यासारख्या गोष्टीवर आठवडे घालवले.

सरांचं वाक्य बरोबर होतं. ते सगळ्या वर्गाने ऐकलं आणि बहुतेकांच्या डोक्यातून निघूनही गेलं. तिच्या डोक्यात राहिलं, कारण तिच्याकडे ते ताडून बघायला तारखा होत्या. "कशावरून" हा प्रश्न मुलाच्या तोंडून आला की शिक्षकाचं काम झालं असं मी तेव्हाही म्हटलं होतं, आजही म्हणते.

आणि मोकळं सोडणं म्हणजे हात झटकणं नव्हे. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं. त्यांच्या साधनांत एक लाकडी ठोकळा आहे, त्यातल्या खाचांत कमीजास्त जाडीचे दट्टे बसवायचे. एखादा चुकीच्या खाचेत गेला की शेवटी एक उरतो आणि कुठेच बसत नाही. चूक सांगायला बाई लागत नाही, पण ते साधन तसं घडवायला कुणीतरी फार विचार केलेला असतो.

घरी काय करायचं? आधी बक्षिसं बंद करा. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ सालचा प्रयोग आहे. चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात या मुलांनी चित्रांना बाकीच्यांपेक्षा जवळपास निम्मा वेळ दिला. ज्यांना ते न सांगता अचानक दिलं, त्यांची आवड टिकली. दुसरं, तो काही करत असताना "असं नाही, असं" म्हणून हात घालू नका. अडून तुमच्याकडे बघितलं तर अर्धी मदत करा. अर्धवट राहिलेला पसारा रात्री आवरून टाकू नका. आणि त्याच्या प्रत्येक प्रश्नावर "तुला काय वाटतं?" असा उलट प्रश्नही नको, त्याने मुलं विचारायचंच सोडतात. खरंच माहिती हवी असेल तर सरळ सांगा.

हे सगळं वाचनाच्या सुरुवातीला लावू नका. अक्षर आणि त्याचा आवाज ही माणसांनी ठरवलेली जोडी आहे, ती सांगावीच लागते. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षणाच्या अभ्यासकांनी २००६ साली एका लेखात लिहिलं की नवख्याला फारसं मार्गदर्शन न करता शिकायला लावलं तर शिकणं नीट होत नाही. सर हाच लेख माझ्यापुढे ठेवायचे. मला तो मान्य आहे. "तारीख लिही" हे मार्गदर्शनच होतं, आणि फरशी पुसणं हे मार्गदर्शन नव्हतं.

तुमच्या मुलाबद्दल अजून एक. वही उघडायचीच टाळत असेल तर आधी त्याचे डोळे आणि कान तपासून घ्या. फळा नीट न दिसणारी कितीतरी मुलं आळशी म्हणून बोलणी खातात.